आयोवात माणसं किती? एका आकड्याची उलटतपासणी

आयोवा या अमेरिकी राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ३१ लाख ९० हजार. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत जवळपास तेवढीच माणसं मोजली गेली होती. फरक एवढाच की आयोवाची ही माणसं महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोड्या कमी जागेत विखुरलेली आहेत. ख्रिस जोन्स नावाच्या जलतज्ज्ञाचं म्हणणं असं की हा आकडा दिशाभूल करतो. राज्यातली डुकरं, गाईगुरं, कोंबड्या आणि टर्की मिळून जेवढं मलमूत्र तयार करतात, तेवढं करायला १३ कोटी ४० लाख माणसं लागतील, आणि नद्यांच्या दृष्टीने आयोवाची खरी लोकसंख्या तीच.

या ब्लॉगवर एरवी मी एखादा शोधनिबंध घेते आणि उलगडून सांगते. आज पुस्तक घेतलंय: जोन्स यांचं 'द स्वाइन रिपब्लिक', २०२३ साली आइस क्यूब प्रेस या आयोवातल्याच छोट्या प्रकाशनाने काढलेलं. शेती आणि पाणी या विषयावर त्यांनी विद्यापीठाच्या ब्लॉगवर लिहिलेले लेख त्यात एकत्र आहेत. वरचा आकडा २०१९ मधल्या त्यांच्या लेखातला. तो इतका गाजला की आज आयोवाच्या शेतीवर कुणी काही बोललं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात हा आकडा येतोच. माझ्या मते तो बरोबर आहे, पण त्यातून निघणारं चित्र बरंचसं चुकीचं आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं, त्यासाठी हा लेख.

आधी लेखकाबद्दल थोडं. जोन्स आधी डे मॉइन या राजधानीच्या शहराच्या पाणीपुरवठा संस्थेत होते, मग सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेत आणि नंतर आयोवा विद्यापीठात संशोधक अभियंता. म्हणजे पाणी पिणारे, पीक काढणारे आणि पाणी मोजणारे अशा तिन्ही बाजूंना बसून आलेला माणूस. विद्यापीठात असताना ते नद्यांमध्ये बसवलेल्या नायट्रेट-संवेदकांच्या जाळ्यावर काम करत. २०२३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. ब्लॉगवरून राजकीय दबाव आला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी विधिमंडळाने संवेदकांच्या जाळ्याला आधार देणारा निधी दुसरीकडे वळवला. या पार्श्वभूमीमुळे पुस्तकाभोवती हौतात्म्याचं एक वलय तयार झालंय, आणि वलय असलं की लोक मजकूर तपासत नाहीत. एक तर डोक्यावर घेतात नाहीतर हाणतात. जोन्स स्वतः आकडे मोजणारे आहेत, तेव्हा त्यांच्याशी आकड्यांतच बोलावं हे उत्तम.

तर तो आकडा. जोन्स यांनी नायट्रोजन, फॉस्फरस आणि घन पदार्थ या तिन्ही मापांनी जनावरांची माणसाशी तुलना केली. त्यांच्या हिशेबात डुकरं ८ कोटी ३७ लाख माणसांच्या बरोबरीची, मांसासाठीची गुरं अडीच कोटींची, अंडी देणाऱ्या कोंबड्या दीड कोटीच्या, दुभत्या गाई ८६ लाखांच्या आणि टर्की ९ लाखांच्या. आयोवात एका वेळी साधारण २ कोटी ३० लाख डुकरं असतात, अमेरिकेतल्या एकूण डुकरांच्या जवळजवळ एक तृतीयांश. म्हणजे एक डुक्कर सुमारे साडेतीन माणसांएवढं.

हे पटण्यासारखं आहे का? पाकिटाच्या पाठीवर होईल एवढाच हिशेब आहे, करून बघू. अमेरिकेतले कृषी अभियंते वापरतात त्या प्रमाणित आकड्यांनुसार मांसासाठी वाढवलेलं डुक्कर शेवटच्या १२० दिवसांत सुमारे ४.७ किलो नायट्रोजन, पाऊण किलो फॉस्फरस आणि ५६ किलो घन पदार्थ बाहेर टाकतं. वर्षात अशा तीन तुकड्या धरल्या तर शेडमधल्या एका जागेमागे १४ किलो नायट्रोजन होतो. माणूस दिवसाला १२-१३ ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो, म्हणजे वर्षाला साडेचार किलोच्या आसपास. गुणोत्तर आलं तीन. फॉस्फरस आणि घन पदार्थ धरले तर ते चारच्या घरात जातं. सगळीच डुकरं पूर्ण वाढीची नसतात, त्यामुळे थोडं कमी करा. साडेतीन ही काही हवेतली गोष्ट नाही. शेती संघटनांनी या आकड्याला अतिशयोक्ती म्हणून झटकलं असेल, तर त्यांनी गणित केलेलं नाही.

आता दुसरी बाजू. 'इतक्या माणसांएवढं' असं मोजायची पद्धत मुळात सांडपाण्याच्या अभियांत्रिकीतली आहे. एखाद्या गावात साखर कारखाना किंवा डेअरी असेल, तर तिच्या सांडपाण्याचा भार शुद्धीकरण केंद्रावर किती माणसांएवढा पडेल हे त्यातून काढतात. युरोपात एका माणसामागे दिवसाला ६० ग्रॅम जैविक ऑक्सिजन मागणी असं माप ठरलेलं आहे. या मापामागे एक गृहीतक आहे: सगळं एका नळातून येतंय आणि एका ठिकाणी पोचतंय. शहरात तसं होतंही. आयोवातल्या डुकरांचं मलमूत्र मात्र नळातून नदीत जात नाही. ते शेडखालच्या खोल हौदात साठतं आणि पानगळीच्या दिवसांत, पीक निघाल्यावर, टँकरने शेतात नेऊन जमिनीत सोडलं जातं. ते खत आहे. मग जोन्स यांच्या आकड्याने जे मोजलं ते 'किती तयार होतं' एवढंच. 'नदीत किती पोचतं' हा वेगळा प्रश्न आहे, आणि मधल्या अंतरातच सगळं शास्त्र आहे.

ते अंतर कसं कापलं जातं ते जरा निवांत बघू, कारण पुस्तकाचं बळ आणि त्याची कमजोरी दोन्ही इथे दिसतात.

आयोवाच्या उत्तर-मध्य भागात हिमयुगाने सपाट, पाणथळ जमीन सोडली. त्यावर हजारो वर्षं उंच गवताचं कुरण होतं. त्याच्या मुळ्यांनी माती काळी आणि सेंद्रिय पदार्थाने गच्च केली. शेती करायची तर पाणी काढायला हवं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमिनीखाली मातीच्या नळ्या घातल्या गेल्या, पुढे सच्छिद्र प्लास्टिकच्या. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमीन सुधारायला ऊसवाले शेतात जे निचऱ्याचे पाइप गाडतात, साधारण तीच कल्पना. आयोवात आज एक कोटी एकरांहून जास्त जमिनीखाली असे पाइप आहेत. मूळ कुरण हजारात एक भागही उरलेलं नाही.

त्या जमिनीवर आता जवळजवळ दोनच पिकं आहेत, मका आणि सोयाबीन. दोन्ही मे महिन्याच्या आसपास पेरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. उरलेले सहा-सात महिने जमिनीत जिवंत मूळ नाही. मातीतले जिवाणू मात्र थंडी ओसरली की कामाला लागतात, सेंद्रिय पदार्थातला नायट्रोजन मोकळा करतात, त्याचं नायट्रेट होतं. एप्रिल ते जूनमध्ये बर्फाचं आणि पावसाचं पाणी उतरतं, नायट्रेट त्यात विरघळतं (ते मातीच्या कणांना चिकटत नाही, दोघांवरही ऋण भार असतो) आणि पाइपमधून थेट ओढ्यात जातं. मका त्या वेळी वीतभर असतो किंवा नसतोच. म्हणजे गळती होते ती मुख्यतः पिकाच्या वेळापत्रकामुळे आणि पाइपांमुळे. खत कुठून आलं, पोत्यातून की डुकराकडून, हा त्यानंतरचा प्रश्न.

याचा पुरावा शेजारच्या मिनेसोटातला आहे. तिथल्या लॅम्बर्टनच्या प्रयोगक्षेत्रावर पाइपांतून येणारं पाणी वर्षानुवर्षं मोजलं गेलं आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आले. मका-सोयाबीनच्या वाफ्यांतून जाणारं नायट्रेट लसूणघासाच्या किंवा कायम गवताच्या वाफ्यांतून जाणाऱ्या नायट्रेटच्या तीस पटींहून अधिक होतं. अर्धा टक्का, दोन टक्के नाही, तीस पट! कारण सरळ आहे. गवत आणि लसूणघास वसंतातच पाणी आणि नायट्रोजन शोषायला लागतात, त्यामुळे पाइपात पाणीच कमी उतरतं. आणि त्या वाफ्यांजवळ डुकरं नव्हती. सोयाबीनला तर नायट्रोजनचं खत घालतच नाहीत, तरी त्या वर्षीही नायट्रेट गळतं.

जोन्स यांना हे माहीत नाही असं अजिबात नाही. पुस्तकातले या विषयावरचे लेख मला सगळ्यांत आवडले. २०१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत प्लॉस वन या नियतकालिकात लिहिलेला शोधनिबंध या ब्लॉगच्या वाचकांनी खरंच वाचावा. १९९९ ते २०१६ मधली २३ ठिकाणांची मोजमापं घेऊन त्यांनी दाखवलं की मिसिसिपीच्या खोऱ्यातून मेक्सिकोच्या आखाताकडे जाणाऱ्या नायट्रेटपैकी सरासरी २९ टक्के एकट्या आयोवातून येतं. खोऱ्याच्या क्षेत्रफळात आयोवाचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. आखाताच्या तळाशी दर उन्हाळ्यात प्राणवायू संपलेला पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर होता, गोव्याच्या सहापट. या २९ टक्क्यांत 'किती तयार होतं' हा भाग नाही, 'किती पोचतं' ते आहे. माझ्या दृष्टीने १३ कोटी ४० लाखांपेक्षा हा आकडा कितीतरी वजनदार. पण त्यावर पोस्टर होत नाही. घाणीच्या आकड्यावर होतं.

इथे कुणी म्हणेल, प्रचाराला सोपा आकडा लागतोच, त्यात काय बिघडलं? बिघडलं असं की त्या आकड्याने आरोपी बदलला. वाचकाच्या मनात डुक्कर बसलं, मका सुटला. राज्याच्या २०१३ च्या पोषकद्रव्य-घट आराखड्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस ४५ टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट आहे, शेतीपुरतं सगळं ऐच्छिक. शेतातून येणाऱ्या नायट्रेटचा फार मोठा भाग ओळीत पेरल्या जाणाऱ्या पिकांचा, हे त्याच आराखड्याच्या शास्त्रीय भागात आहे. उद्या जादूने सगळी डुकरं नाहीशी झाली आणि शेतकऱ्यांनी तेवढाच नायट्रोजन पोत्यातून घातला, तर रॅकून नदीला फारसा फरक कळणार नाही.

याच आकड्याने उलटं गणित करून बघा. १३ कोटी ४० लाख गुणिले साडेचार किलो, म्हणजे वर्षाला सहा लाख टन नायट्रोजन. आयोवात मका असतो सुमारे १ कोटी ३० लाख एकरांवर. एकरी वाटला तर ४६ किलो. सोयाबीननंतरच्या मक्याला आयोवा स्टेट विद्यापीठ एकरी साधारण ६३ किलो नायट्रोजनची शिफारस करतं. साठवणीत आणि टाकताना काही अमोनिया उडून जातो, तो वजा केला तरी मक्याच्या गरजेचा चांगला मोठा हिस्सा जनावरांच्या खतातून भागू शकतो. म्हणजे ज्याला आपण 'तेरा कोटींची घाण' म्हणतोय, ती राज्याच्या खताच्या बिलातली बचत असायला हवी होती.

ती का होत नाही? या प्रश्नावर जोन्स पुन्हा फॉर्मात येतात. त्यांचं म्हणणं, जिथे जनावरं दाट आहेत तिथेही विकतचं खत त्या प्रमाणात कमी होत नाही; दोन्ही घातलं जातं. शेतकऱ्याचा खतातल्या नायट्रोजनवर भरवसा नसतो, कारण ते सगळीकडे सारखं पडत नाही. मग विम्यासारखं वरून पोत्यातलं टाकायचं. त्यात स्लरी म्हणजे बहुतेक पाणीच. ती पाच-दहा मैलांपलीकडे नेणं परवडत नाही, म्हणून वायव्येकडच्या काउंट्यांत ढीग आणि इतरत्र टंचाई. हा भाग वाचताना मला वाटलं की लेखकाने इथेच थांबून खोल जायला हवं होतं. पण ब्लॉगचे लेख एकत्र बांधले की होतं तेच इथेही होतं. प्रत्येक लेख हजार-दीड हजार शब्दांत एक टोला मारतो आणि निघून जातो. पुढच्या लेखात तोच मुद्दा नव्या टोल्यासह परत भेटतो.

माझी खरी तक्रार मात्र 'लोकसंख्या' या शब्दाशी आहे. आयोवाच्या संदर्भात हा शब्द हलक्याने वापरण्यासारखा नाही.

१९०० मध्ये आयोवात २२ लाख ३२ हजार माणसं होती. त्यानंतरच्या १२० वर्षांत अमेरिका चौपटीहून वाढली, आयोवा दीडपटही नाही. काँग्रेसमध्ये एके काळी ११ प्रतिनिधी होते, आज ४ आहेत. २०१० ते २०२० या दशकात ९९ पैकी ६८ काउंट्यांची लोकसंख्या घटली, वाढ झाली ती मुख्यतः डे मॉइन आणि विद्यापीठांच्या शहरांभोवती. अ‍ॅडम्स नावाच्या काउंटीत २०२० मध्ये ३,७०४ लोक होते. आपल्याकडे एवढी वस्ती एका मध्यम गावात असते. इथे ती अख्खी काउंटी आहे, स्वतःच्या न्यायालयासह. आणि शेती मात्र भरभराटीत, निदान टनांत मोजली तर. मका, डुकरं, अंडी, तिन्हींत राज्य देशात पहिलं. निम्म्याहून जास्त मका इथेनॉलच्या कारखान्यांकडे जातो, कारण २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये तो मिसळणं बंधनकारक केलं.

मधे १९८० च्या दशकातलं शेतीसंकट होतं. १९८१ मध्ये एकरी सरासरी २,१४७ डॉलर असलेली जमीन १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. ज्यांनी चढ्या भावाला कर्ज काढून जमीन घेतली होती ते बुडाले, आणि त्या दशकात राज्याने जवळपास एक लाख ३७ हजार माणसं गमावली. तेव्हा शेती सोडून गेलेली कुटुंबं परत आली नाहीत. त्यांची जमीन शेजाऱ्याच्या शेतात मिसळली. २०२३ मध्ये तीच जमीन एकरी ११,८३५ डॉलर होती. तिशीतला कुठलाही शेतकरी ती विकत घेऊ शकत नाही, वारशाने मिळाली तरच. दोन तृतीयांश शेतजमीन आज ६५ वर्षांपुढच्या मालकांकडे आहे.

डुकरांचं तर आणखी स्पष्ट. १९८० च्या आसपास राज्यात सुमारे ६५ हजार शेतकरी डुकरं पाळत, प्रत्येकाकडे सरासरी दोनशे. २००२ मध्ये असे १० हजार उरले. आज सहा हजारांहून कमी. डुकरं मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. बरीचशी आता करारावर वाढतात. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, कर्ज आणि खालचा हौद शेतकऱ्याचा. आपल्याकडे ब्रॉयलर कोंबडीचा धंदा करारावर कसा चालतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. नफ्याचा मोठा वाटा वर जातो, घाण खाली राहते.

आता बघा, 'आयोवाची खरी लोकसंख्या' या वाक्यात ही सगळी माणसं कुठे आहेत? तिथे जनावरं माणसांच्या जागी उभी आहेत आणि माणसं कमी झाल्याची गोष्ट त्यामागे झाकली गेलीय. ती दोनशे डुकरंवाली शेतं का संपली? कारण डुकरं शेतातून उठून शेडमध्ये गेली. त्याबरोबर ओट गेले, लसूणघास गेला, चराई गेली. कारण घरच्या जनावरांना लागत नसेल तर गवत पेरायचं कुणासाठी? उरले मका आणि सोयाबीन. म्हणजे नदीतलं नायट्रेट आणि ओस पडलेलं गाव या दोन वेगळ्या बातम्या नाहीत. जोन्स यांच्या पुस्तकात पहिली पानोपानी आहे, दुसरी मधूनमधून. शेतकरी त्यांच्या लिखाणात बहुतेक वेळा एकाच तोंडाने बोलतो: सबसिडी घेणारा, नियम नको म्हणणारा, संघटनेमागे लपणारा. असे आहेत, मान्य. पण करारात अडकलेला आणि हजार एकर खंडाने करणारा यांची गणितं वेगळी असतात. राग कुणावर काढायचा हे ठरवताना तो फरक लागतो.

मांस-कारखान्यांतल्या माणसांचंही तसंच. ब्यूना व्हिस्टा काउंटीतलं स्टॉर्म लेक हे अकरा हजार वस्तीचं गाव घ्या. तिथे टायसन कंपनीचे डुकराच्या आणि टर्कीच्या मांसाचे कारखाने आहेत. लाओसहून आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं तिथे राहतात. शेजारच्या सॅक आणि पोकाहॉन्टस काउंट्या त्या दशकात आटल्या, हे गाव वाढलं. डे मॉइनच्या पाणी संस्थेने २०१५ मध्ये ज्या तीन काउंट्यांवर नायट्रेटसाठी खटला भरला, त्यांत ब्यूना व्हिस्टाही होती. त्या वादावर स्थानिक वृत्तपत्रात कंपन्यांच्या आणि काउंटीच्या विरोधात अग्रलेख लिहिणाऱ्या आर्ट कलन यांना २०१७ चं पुलित्झर मिळालं. त्याच वर्षी खटला फेटाळला गेला. पाणी खराब होतं की नव्हतं यावर तो निकाल नव्हताच; निचऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या मंडळांवर असा दावा चालत नाही, एवढंच ठरलं. सांगायचा मुद्दा, जी 'लोकसंख्या' जोन्स मोजतात तिच्याच जोरावर खेड्यातलं एखादं गाव जगतंही. हा गुंता त्यांच्या आकड्यात मावत नाही.

उपायांकडे येऊ. जोन्स यांनी पाच नियम सुचवलेत: दोन वर्षांतून एकदा पूर येणाऱ्या पट्ट्यात पीक घेऊ नये, पानगळीत नांगरट बंद, गोठलेल्या जमिनीवर स्लरी टाकणं बंद, खत विद्यापीठाच्या शिफारशीइतकंच, आणि मोठ्या शेडच्या परवानग्यांचे नियम नव्याने. (सध्या जागेच्या गुणतक्त्यात ८८० पैकी ४४० गुण पडले की पुरतं. पास होण्याची एवढी सोय आम्हाला पीएचडीच्या कोर्सवर्कलाही नव्हती.) पाचही नियम माझ्या मते योग्य आहेत, आणि ऐच्छिक उपायांनी काम होत नाही हे तर जोन्स यांच्याच मोजमापांनी सिद्ध केलंय. पण हे पाचही लागू झाले तरी शेतात मका आणि सोयाबीनच राहतील आणि एप्रिलमध्ये जमीन उघडीच असेल. लॅम्बर्टनच्या तीस पटींपैकी यातून किती कमी होईल?

तुलनेला आयोवातलाच एक प्रयोग ठेवते. बून काउंटीतल्या मार्सडन फार्मवर आयोवा स्टेटच्या संशोधकांनी तीन पीकपद्धती शेजारी-शेजारी लावल्या: मका-सोयाबीन, मका-सोयाबीन-ओटसारखं धान्य आणि सोबत क्लोव्हर, आणि चौथ्या वर्षी लसूणघासही. लांब फेरपालटात शेणखत घातलं. २००३ ते २०११ चे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मका आणि सोयाबीनचं उत्पन्न तेवढंच किंवा थोडं जास्त, नफा साधारण सारखा, विकतचा नायट्रोजन आणि तणनाशक पुष्कळ कमी. म्हणजे जनावरांचं खत इथे उपायाचा भाग आहे, रोगाचा नाही. एकच गोष्ट वाढली: मजुरी. जास्त हात लागले.

राज्य ज्याची कमतरता शंभर वर्षं सोसतंय तीच गोष्ट या पद्धतीला लागते. ओटला बाजार नाही, लसूणघास खायला जवळपास गुरं नाहीत, पीकविमा आणि इथेनॉलचा कायदा मक्याच्या बाजूने, आणि ६५ पुढचे मालक खंडाने जमीन देताना एकच विचारतात, एकरी किती देणार? या चौघांचा हिशेब मांडणारा लेख मी पुस्तकात शोधत होते. तुकडे आहेत, लेख नाही.

तरीही पुस्तक वाचा असंच मी म्हणेन. पाण्याची रसायनं, राजकारण आणि शेती एकत्र समजणारी आणि वर वाचवेल असं लिहिणारी माणसं फार नाहीत. आकडे वाचताना एक लक्षात ठेवा: अमेरिकेत नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे ती नुसत्या नायट्रोजनची, आपल्याकडची ४५ आहे ती पूर्ण नायट्रेटची. दोन्ही जवळपास एकच. जून २०२५ मध्ये रॅकून आणि डे मॉइन नद्यांतलं नायट्रेट इतकं वाढलं की शुद्धीकरण पुरं पडेना, आणि राजधानीच्या परिसरात लोकांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली. त्या आठवड्यातल्या बातम्यांखालच्या प्रतिक्रियांत १३ कोटी ४० लाख हा आकडा पुन्हा दिसत होता. मार्सडन फार्मचं नाव मला एकदाही दिसलं नाही.